अकराव्या मात्रेवर सम

पहाटेचे तीन वाजलेत. साल १९५८. माहीमच्या एका घरात तुम्ही भिंतीला पाठ लावून बसला आहात. खाडीकडून दमट वारा येतोय, रस्त्यावर अजून एकही गाडी नाही. समोर सात वर्षांचा एक मुलगा मांडी घालून बसलाय. नुकता उठलाय तो, पण पेंगत मात्र नाही. त्याच्यासमोर त्याचे वडील, उस्ताद अल्लारखाँ. तबला जवळच आहे, तरी त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. चाललीय ती पढंत. वडील बोल म्हणतात, मुलगा ते झेलतो आणि परत देतो.

तुम्हीही मोजा, फुकट बसू नका. झपताल आहे, दहा मात्रांचा. धिं ना, धिं धिं ना, तिं ना, धिं धिं ना. आता समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, तीन बोलांचा एक तुकडा म्हणा. एक मात्रा थांबा. तोच तुकडा पुन्हा म्हणा. पुन्हा एक मात्रा थांबा. तिसऱ्यांदा म्हणा. तीन, एक, तीन, एक, तीन. झाले अकरा. ताल दहाचा, म्हणजे तुमचा शेवटचा बोल बरोबर पुढच्या समेवर पडला. तीनदा येणाऱ्या अशा तुकड्याला तिहाई म्हणतात, मधल्या त्या रिकाम्या मात्रेला दम आणि दम असलेल्या या तिहाईला दमदार तिहाई. पहिल्या वेळी तुमची चुकेल. बहुतेकांची दमातच चुकते, कारण वाजवण्यापेक्षा थांबणं कठीण.

हा मुलगा जन्मला तेव्हा वडिलांनी त्याच्या कानात दुआ म्हणायची, तर यांनी तबल्याचे बोल म्हटले. माझी इबादत हीच आहे, असं त्यांचं म्हणणं. हा मुलगा म्हणजे झाकीर हुसेन; त्यांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. सहाच्या सुमारास शिकवणी थांबेल, मुलगा आधी मदरशात जाईल आणि तिथून सेंट मायकेल शाळेत. तुम्ही अजून थोडा वेळ थांबा आणि त्याच्या वडिलांचा दिवस पाहा.

१९१९ मध्ये जम्मूजवळच्या फगवालमध्ये जन्मलेला हा माणूस लाहोरला मियाँ कादर बख्श यांच्याकडे तबला शिकला. पतियाळा घराण्याचे आशिक अली खाँ यांच्याकडे त्यानं गाणंही घेतलं. माझ्या मते त्याच्या साथीचं मर्म इथंच आहे. समोरचा गवई श्वास कुठे घेणार, हे त्याला गळ्यातून ठाऊक होतं. लाहोर रेडिओवरून तो १९४० मध्ये मुंबई केंद्रावर आला. सहा वर्षं मागे, १९५२ मध्ये डोकावलात तर एखाद्या चित्रपटगृहाबाहेर ‘बेवफा’चं पोस्टर अजून फाटायचं राहिलेलं दिसेल. राज कपूर, नर्गिस, अशोक कुमार. संगीतकार ए. आर. कुरेशी. तो हाच. पेटीवर चाली बांधणं, वाद्यवृंद सांभाळणं, रात्री मैफिलीत साथ करणं आणि पहाटे तीनला मुलाला उठवणं, हे सगळं एकाच माणसानं केलं. त्या काळात तबलजीच्या नावापुढे मानधनाचा आकडा लहान असे आणि पत्रिकेतलं नावही लहान टाइपात. सिनेमातला पैसा सोडून हा माणूस पूर्णपणे तबल्याकडे वळला, तो याच सुमारास. हा निर्णय मला त्याच्या सगळ्या गाजलेल्या मैफिलींपेक्षा मोठा वाटतो.

आता अकरा वर्षं पुढे या. १५ ऑगस्ट १९६९. भारतात स्वातंत्र्यदिन साजरा होऊन गेलाय. न्यूयॉर्क राज्यात बेथेल गावाजवळ एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतात तुम्ही घोट्यापर्यंत चिखलात उभे आहात. लाखोंचा जमाव. रात्रीचे साधारण दहा वाजलेत आणि पाऊस पडतोय. वुडस्टॉकचा संगीतमहोत्सव. व्यासपीठावर पंडित रविशंकर सतार घेऊन बसलेत, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. एवढ्या गर्दीत हे आडनाव कानावर पडल्यावर तुम्हाला जरा घरच्यासारखं वाटेल. आणि उजव्या बाजूला, पन्नाशीचे अल्लारखाँ.

पावसाळी हवेत तबला सांभाळणं काय असतं, ते तबला वाजवणाऱ्याला विचारा. पुडीचं कातडं दमट हवा पितं आणि सैल पडतं. सूर उतरतो. मग हातोडी घ्यायची, गजऱ्यावर हलके ठोके मारत एकेक घर सुरात आणायचं. जास्तच उतरला असेल तर वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली सरकवायचे. जरा लागला म्हणेपर्यंत परत उतरायला सुरुवात. तुमच्या आजूबाजूच्या पोरांना यातलं काही माहीत नाही. त्यांना फक्त दोन हात दिसतात, दहा बोटं.

राग पूरिया धनाश्री झाला. आता एकट्या तबल्याची पाळी. ताल ओळखा. झपताल. सतार लेहरा धरून बसलीय, गोल गोल फिरतेय. मुख्य कलाकार मागे राहून साथीदाराला मोकळं मैदान देतोय, हे चित्र हिंदुस्थानी संगीताच्या व्यासपीठावर पूर्वी सहसा दिसत नसे. रविशंकरांनी ते देऊ केलं, अल्लारखाँनी ते पेललं. धिं ना, धिं धिं ना. माहीमची पहाट आठवा. मोजत राहा. तिहाई सुरू होईल तेव्हा दम सोडू नका.

मध्येच एक वर्ष मागे, १९६८ मध्ये. ‘रिच आ ला राखा’ नावाची तबकडी निघतेय. जाझचा ख्यातनाम ड्रमवादक बडी रिच एकीकडे, अल्लारखाँ दुसरीकडे. एकाच्या हातात काठ्या, दुसऱ्याची उघडी बोटं. बडीचं काम मनगटाच्या उसळीवर चालतं. तबल्यात एकच बोट चाटेवर पडलं तर ‘ना’, शाईवर पडलं तर वेगळा आवाज, आणि डग्ग्यावर तळहाताची टाच सरकवली की तो चक्क बोलायला लागतो. अशा दोघांनी एकत्र वाजवायचं तर उरतं काय? मोजणी. तिथं भाषांतर लागत नाही. ‘फ्युजन’ हा शब्द आज सहज वापरतात. ज्याची स्वतःची पढंत पक्की नाही त्यानं दुसऱ्याच्या अंगणात जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. अल्लारखाँ गेले, कारण जाताना आपलं घर त्यांनी सोबत नेलं होतं.

१ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जरा वेळ उभे राहा. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम आहे. सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद आणि तबला सुरात लावून होतात न होतात तोच टाळ्यांचा कडकडाट. लोकांना वाटलं, वाजवून झालं! ज्यांना सूर लावणंही गाणं वाटलं, त्यांना पुढे खरं गाणं ऐकायला मिळालं. त्यात वाईट काही नाही.

आता परत मुंबई. १९८५. सहासष्टीतला हा माणूस संगीताची संस्था काढतो. वर्गात मागे बसा. सतरंजीवर मुलं बसलीत, आता तीनताल आहे, सोळा मात्रांचा. तुम्हाला पद्धत ठाऊक झालीय. पाच बोलांचा तुकडा, एक दम, पाच, एक दम, पाच. सतरा. सम. माहीमच्या घरातली पहाट आता चारचौघांत वाटली जातेय. योगेश सम्सी याच हातांखाली घडले. अनुराधा पाल यांनाही त्यांनी शिकवलं, तबला पुरुषांचाच समजला जात होता त्या दिवसांत.

३ फेब्रुवारी २०००. इथं फार वेळ थांबू नका. आदल्याच दिवशी त्यांची मुलगी रझिया गेली होती. त्या धक्क्यानं उस्तादही गेले.

झाकीरभाईंनी त्यानंतर वर्षानुवर्षं ३ फेब्रुवारीला मुंबईत वडिलांची बरसी केली. षण्मुखानंद सभागृहात भल्या सकाळी ती सुरू व्हायची, देशोदेशीचे वादक यायचे. १५ डिसेंबर २०२४ला झाकीरभाईही गेले. तुम्ही कधी त्या पहाटे तिथं गेला नसाल, तर एक करा. उस्तादांचं झपतालातलं कुठलंही ध्वनिमुद्रण लावा, मांडी घालून बसा आणि तिहाई आली की हातावर अकरापर्यंत मोजा.