स्मरणिकेसाठी विंडोज 98

तुमच्याही बेसमेंटमध्ये असा एखादा खोका असेल. मंडळाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांच्या कॅसेट, आणि वर मार्करने 'स्मरणिका फायनल' लिहिलेली एक सीडी. आमच्याकडे सापडली ती 1999 सालची. अमेरिकेचा 1965 चा इमिग्रेशन कायदा झाल्यावर इथे आलेल्या पिढीतल्या बायकांनी त्या अंकात आपापल्या पहिल्या वर्षाची हकिगत लिहिली होती. त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. छापील प्रत एकच उरलेली, तीही पाणी लागून पानं चिकटलेली. सीडी मात्र वाचली गेली. फाइलवर क्लिक केलं, तर लॅपटॉप विचारतो, ही कशात उघडू?

फाइल पेजमेकर 6.5 ची होती. 1985 साली आल्डस कंपनीने आणलेला हा प्रोग्राम 1994 मध्ये अडोबीकडे गेला आणि 2001 च्या 7.0 या आवृत्तीवर थांबला. अडोबीचं इनडिझाइन काही वर्षं या फाइली उघडायचं, पण सीएस6 नंतर तीही सोय गेली. बरं, जुना पेजमेकरच आजच्या विंडोजवर चढवावा, तर त्या काळच्या पुष्कळ इन्स्टॉलरमध्ये 16-बिटचे तुकडे असत आणि 64-बिट विंडोज ते चालवतच नाही. म्हणजे 1999 चा कॉम्प्युटरच हवा. तो कचऱ्यात जाऊन वीस वर्षं झाली. उरला एक मार्ग: आजच्या कॉम्प्युटरच्या पोटात तो पुन्हा उभा करायचा.

ही युक्ती आपल्याला नवी वाटते, पण जुनी कामं नव्या यंत्रावर चालवायची गरज फार पूर्वीची आहे. 1964 मध्ये आयबीएमने सिस्टीम/360 जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांचे असंख्य प्रोग्राम 1401 या जुन्या यंत्रासाठी लिहिलेले होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून नव्या मालिकेतल्या काही यंत्रांत 1401 ची नक्कल करायची सोयच घातली होती. त्याच दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, आयबीएमच्याच केंद्रात, एका यंत्रावर अनेक स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण करणारी पद्धत तयार झाली. प्रत्येकाला वाटावं, अख्खा कॉम्प्युटर माझाच. 1972 साली ती व्हीएम/370 या नावाने बाजारात आली. घरगुती पीसीवर हे जमायला मात्र वेळ लागला, कारण इंटेलच्या प्रोसेसरचे काही हुकूम असे होते की आभासी यंत्रात ते तक्रार न करता वेगळंच काहीतरी करून मोकळे होत. 1999 मध्ये व्हीएमवेअरने त्यातून वाट काढली. म्हणजे आमची स्मरणिका छापखान्यात गेली, त्याच वर्षी ती उघडण्याची किल्ली घडत होती!

मी व्हर्च्युअलबॉक्स वापरला. तुम्ही करणार असाल तर विंडोज 95 च्या नादी लागू नका. ते सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजतं, आणि 2.1 गिगाहर्ट्‌झच्या पुढे त्या हिशेबात शून्याने भागायची वेळ येऊन कोसळतं. विंडोज 98 घ्या. तिथेही उदार होऊ नका. मेमरी 512 एमबीच्या आत ठेवा, मी 256 दिली. डिस्क चार जीबी पुरे. 64 जीबीच्या पुढे त्याचं एफडिस्क गोंधळतं. मूळ सीडीच्या पाकिटावरचा प्रॉडक्ट की जपून ठेवलेला असेल तर तुम्ही नशीबवान. आधी एफडिस्क, मग रीस्टार्ट, मग फॉरमॅट, मग सेटअप. पडदा 16 रंगांचा दिसेल, घाबरू नका. पेन ड्राइव्ह त्याला ओळखता येत नाही, म्हणून फाइलींची आयएसओ करून ती सीडी म्हणून आत घातली. आणि इंटरनेट अजिबात जोडू नका. 11 जुलै 2006 नंतर या विंडोजला सुरक्षेची डागडुजी मिळालेली नाही.

पेजमेकर चढला, फाइल उघडली, आणि पानभर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. एकही मराठी शब्द नाही.

इथे खरी गोष्ट सुरू होते. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण विंडोजमध्ये ती वापरता यायला विंडोज 2000 यावं लागलं. तोवर परदेशातला मराठी माणूस काय करायचा? फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. अर्धा क, काना, वेलांटी, रफार. जागा फार तर 256, आणि त्यातल्याही काही अडलेल्या, म्हणून अक्षर जोडून घडवायचं. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे 'क' नव्हताच, होता तो एका रोमन अक्षराचा क्रमांक; डोळ्यांना तेवढा क दिसे. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. पेजमेकरच्या फाइलीत फॉन्टचं फक्त नाव असतं, फॉन्ट नसतो. सुदैवाने टाइप करणाऱ्या गृहस्थांनी तो त्याच सीडीवर एका कोपऱ्यात ठेवला होता. तो बसवला आणि पान मराठीत आलं.

तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना लक्षात येतं की जुना फॉन्ट दिसेल त्या क्रमाने लिहितो: 'कि'मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने जातो. 'मार्ग'मधला रफार शेवटी टाइप केलेला असतो, तो उचलून ग च्या आधी न्यावा लागतो. माझा पहिला कन्व्हर्टर हिंदीच्या हिशेबाने बनवलेला होता. त्याला आपला अर्धचंद्री र ठाऊकच नव्हता, त्यामुळे सह्याद्रीच्या 'दऱ्या' झाल्या 'दर्या', आणि लग्नाच्या जेवणाचं कंत्राट 'आचाऱ्या'ऐवजी 'आचार्या'ला गेलं. हे सगळं एकेक ओळ वाचत हाताने दुरुस्त केलं. त्या निमित्ताने अख्खा अंक दोनदा वाचून झाला, हे आधी कधी केलं नव्हतं.

मजकूर सगळा मिळाला. फोटो नाहीत. पेजमेकर मोठी चित्रं फाइलीबाहेर ठेवून फक्त त्यांचा पत्ता लिहून ठेवू शकतो, आणि तो पत्ता आहे त्या कचऱ्यात गेलेल्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा. अकराव्या पानावर एक राखाडी चौकट आहे. खाली ओळ: 'पहिला हिवाळा, उसना कोट, डावीकडून तिसरी मी.'