नाव ठेवणं, नावं ठेवणं

पाचोऱ्याच्या बाजारात घेरदार फेटिया, आरशांची काचळी आणि कानशिलांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या दिसल्या की दुकानदार हाक मारतो : ‘ए लमाणीणबाई!’ ती मात्र स्वतःला गोरमाटी म्हणवते. गोर म्हणजे आपली माणसं. दुकानदार, तुम्ही, मी, सगळे कोर.

‘लमाण’ हा शब्द कोरांचा. त्याचं कूळ अभ्यासक लवणात शोधतात : लवण, लभाण, लमाण. किनाऱ्याचं मीठ बैलांच्या पाठीवर घाटावर चढवायचं, परतताना धान्य न्यायचं, हा तांड्यांचा धंदा. ‘बंजारा’ही तसाच, वणजेतून, म्हणजे व्यापारातून आलेला. बघणाऱ्यांनी पाठीवरचं ओझं पाहिलं आणि तेच माणसाचं नाव ठरवलं. १८६०च्या दशकात खानदेशात रेल्वे आली, मीठ डब्यांत चढलं, बैल सुटले. नाव सुटलं नाही.

उलट ते दोन वाटांनी गेलं. डॉ. श्रीराम लागूंनी आत्मचरित्राला ‘लमाण’ हेच नाव दिलं. नट म्हणजे इकडचा माल तिकडे पोचवणारा, हा त्यातला मान. दुसरी वाट कायद्याची. १८७१च्या कायद्यानं कितीतरी भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२मध्ये गेला, पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आजही आहेत. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांच्यात एका अनुस्वाराचंच अंतर आहे.

स्पेनमध्येही हेच झालं. १४२५मध्ये आरागॉनच्या राजानं ‘छोट्या इजिप्तच्या’ हुआन नावाच्या म्होरक्याला प्रवासाचा परवाना दिला. ही माणसं इजिप्तची, असा लोकांचा समज. ‘एखिप्तानो’चं झालं ‘हितानो’, बाईसाठी ‘हिताना’. मग हा शब्द वाट्टेल तिथे फिरला. सेव्हिलच्या जत्रेत झालरींचा जो झगा सगळ्याच बायका मिरवतात, तो ‘हितानाचा पोशाख’. फ्रान्समध्ये ‘जितान’ हा सिगारेटचा छाप, पाकिटावर नाचणारी बाई. गोड बोलून मन जिंकणारी ती हिताना, आणि फसवणारीही हितानाच. १७८३मध्ये तिसऱ्या कार्लोस राजानं हा शब्द वापरायलाच बंदी केली. तरी २०१४च्या अधिकृत स्पॅनिश शब्दकोशात ‘लबाड’ हा अर्थ होताच. हितानो समाजानं जाहीर निषेध केल्यावर तो अर्थ अपमानास्पद असल्याची टीप जोडली गेली.

इंग्रजी ‘जिप्सी’ त्याच इजिप्तची लेक. तिला मराठीत पाडगावकरांच्या कवितासंग्रहानं घर दिलं, मारुतीच्या गाडीनं रस्ता दिला. पुष्पगुच्छातली बारीक पांढरी ‘जिप्सी’ मात्र या गोतातली नाही. ती जिप्सोफिला, तिचं नाव जिप्समच्या खडूसारख्या मातीवरून पडलं.

हिताना स्वतःला काय म्हणते? काली. आपली काळीच. बाहेरच्याला ती पायो म्हणते, जसे आपण इथे कोर. हितानो ज्यांची एक शाखा, त्या रोमा लोकांच्या बोलीत पाणी ‘पानी’, कान ‘कान’, माणूस ‘मानुश’. सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेली ही बोली वाटेत इराणी, ग्रीक शब्द वेचत गेली. सात, आठ, नऊ तिनं ग्रीकांकडून घेतले. शब्द जुळतात म्हणून पाचोऱ्याची गोरमाटी आणि सेव्हिलची काली सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. गोरबोलीचं नातं राजस्थानीशी जास्त जवळचं.

पण रोमा बोलीत मिठाला म्हणतात ‘लोन’. ज्या लवणावरून तांड्याला नाव पडलं, जे आपल्या लोणच्याच्या बरणीत मुरलं, तेच. इतके मुलूख ओलांडताना लोकांनी बाईला इजिप्तची करून टाकलं. मिठाला तेवढं कुणी इजिप्तचं म्हटलं नाही.