दोष गळ्याचा कीं यंत्राचा?

सातारा-सांगलीकडील जुन्या घरांतून चावीचा ग्रामोफोन अद्याप कोठें कोठें जपून ठेवलेला आढळतो. त्यावर एखादी जुनी तबकडी लावली, म्हणजे तरुण मंडळी हंसतात आणि वडीलधारीं माणसें खिन्न होतात. ‘हेच का ते थोर गवई?’ हा प्रश्न मात्र दोघांच्याहि मनांत येतो. साताऱ्याच्या राजगादीचा इतिहास लिहिणारा बखर हातीं येतांच तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीं. ती केव्हां लिहिली, नक्कल करणारा कोठें चुकला, हें तो आधीं पाहतो. तबकडीच्या बाबतींत हाच विवेक आपण कां सोडावा?

मिरजेचे खांसाहेब अब्दुल करीमखां ह्यांचेंच उदाहरण घ्या. त्यांचें गाणें प्रथम १९०५ सालीं तबकड्यांवर उतरलें आणि पुन्हां १९३४ नंतर. खांसाहेब १९३७ सालीं वारले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांची कबर आहे. पहिल्या वेळीं गवयाला कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे, दुसऱ्या वेळीं विजेचा मायक्रोफोन आला होता. शिवाय आरंभींच्या सर्वच तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या नसत. ह्या गोष्टी ध्यानांत न घेतां दोन्ही काळच्या आवाजांची तुलना करणें म्हणजे खांसाहेबांवर अन्याय करणें होय.

त्यांत यंत्राची जीर्णता भर घालते. तबकडीखालीं कागदाचा तुकडा दाबून फेऱ्या मोजाव्या. ७८ च्या ठिकाणीं ७३ किंवा ७४ भरल्या, तर पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वरानें उतरते आणि तरतरीत गळा थकलेला वाटतो. गति सुरुवातीस ठीक असून शेवटीं मंदावत असेल, तर स्प्रिंग दुर्बळ झाली आहे किंवा तिच्यांतील वंगण घट्ट झालें आहे असें समजावें. स्वर अनियमितपणें थरथरत असेल, तर गति आवरणारा गव्हर्नर पाहावा; त्याच्या पातळ पट्ट्या वांकतात अथवा तेल सुकतें. परंतु स्वर प्रत्येक फेरीस एकदांच झुलत असेल, तर यंत्र निर्दोष असून तबकडीचें भोंकच मध्यावर नाहीं. आवाज खरखरीत व गुणगुणता येत असेल, तर साउंडबॉक्समधील अभ्रकाभोंवतालचें रबर कडक झालेलें असावें. आणि झिजलेली सुई तर तबकडीचा घात करते. पोलादी सुई एका बाजूपुरतीच, हा जुना नियम कंजूषपणानें मोडूं नये.

इतकी तपासणी झाल्यावर जें उणें उरेल, तेंच काय तें गवयाच्या माथीं मारावें. बहुधा फारसें कांहीं उरत नाहीं. सैल चावीच्या साक्षीवरून पूर्वजांची योग्यता ठरविणाऱ्या पिढीनें, आपला निकाल देण्यापूर्वीं, निदान चावी तरी पुरती द्यावी.