इंजिनाची साक्ष

मोटारीचे इंजिन बिघडले म्हणजे पूर्वी ते आवाजाने, धुराने आणि धक्क्यांनी बोलत असे, आणि ती भाषा जाणणारा तोच खरा मिस्त्री. आता तेच इंजिन आकड्यांत बोलते. चालकासमोर पिवळा दिवा लागतो, तपासणीचे उपकरण जोडले की एक अक्षर व चार अंक उमटतात, आणि पुष्कळांना वाटते की निदान झाले. ही आकड्यांची भाषा कोठून आली आणि तिच्यावर भरवसा किती ठेवावा, हे तिचा इतिहास पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

या इतिहासात वारंवार येणारा शब्द म्हणजे ‘टायमिंग’. पेट्रोलच्या इंजिनात मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे क्रमाने होतात. त्या अवधीत क्रँकचा दांडा दोनदा फिरतो आणि झडपा उघडणारा कॅमचा दांडा एकदाच. या दोघांची सांगड साखळीने घातलेली असते. दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. ती फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते. उशिरा पडली तर जोर जातो व उष्णता वाढते. विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स केटरिंग याने बॅटरीवर चालणारी प्रज्वलनपद्धती रूढ केली. पुढे कित्येक दशके मिस्त्री पुलीवरील खुणेवर लुकलुकणारा दिवा धरून, डिस्ट्रिब्यूटर हाताने फिरवून ठिणगीची वेळ साधत असे. पाहणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच होता.

या व्यवस्थेत बदल घडविला तो लॉस एंजेलिसच्या हवेने. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे झोंबविणारे धुरके दाटले, तेव्हा हा शत्रूचा विषारी वायू तर नव्हे, अशी शंकाही कित्येकांना आली. त्याचा उलगडा १९५० नंतरच्या काही वर्षांत आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने केला. मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुरके बनत होते. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मोटारींपासून धुरावर मर्यादा घातली. १९७० साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने कडक कायदा केला आणि १९७५ पासून बहुतेक नव्या अमेरिकी मोटारींत धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र आले.

हे पात्र मोठे नाजूक. एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकली, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात तसे इंजिन ‘मिसिंग’ मारू लागले, की न जळलेले पेट्रोल त्या पात्रात जाऊन पेटते व पात्र जळून निकामी होते. म्हणून इंधन आणि ठिणगी यांवर अष्टौप्रहर पहारा ठेवणे भाग पडले. ते काम संगणकाकडे गेले. जनरल मोटर्सने १९८१ साली आपल्या बहुतेक पेट्रोल मोटारींत संगणक बसविला. पुढे पिकअप ट्रकांतही तो आला. त्या काळी जोडणीतल्या दोन टोकांना तारेने जोडले की दिवा लुकलुकून अंक सांगे. एक झोत, मग विराम, मग दोन झोत, म्हणजे बारा. बेचाळीस आला तर ठिणगीची वेळ ठरविणाऱ्या विद्युत्-मार्गात दोष समजावा.

परंतु प्रत्येक कारखान्याची बोली निराळी होती. कॅलिफोर्नियाने १९८८ पासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व हलक्या वाहनांना एकच सोळा टोकांची जोडणी व एकच संकेतलिपी लागू झाली. त्या नियमांचे मूळ सूत्र असे की, धूर ठरलेल्या मर्यादेच्या सुमारे दीडपट होण्याइतका दोष आला की दिवा लागावा. तेव्हा तो दिवा मुळात हवेचा पहारेकरी आहे. मिस्त्रीचा गुरू होण्यासाठी त्याचा जन्म झालेला नाही.

याचे उत्तम उदाहरण १९९६ नंतरच्या शेव्हरले पिकअपमधील ५.७ लिटर व्होर्टेक इंजिनाचे आहे. त्यावर ‘पी-१३४५’ हा संकेत आला की मालक बहुधा संवेदक बदलून मोकळा होतो. वास्तविक तो संकेत एवढेच सांगतो की क्रँक आणि कॅम यांच्या साक्षी जुळत नाहीत. क्रँकचा संवेदक इंजिनाच्या पुढच्या अंगाला असतो. कॅमचा असतो डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात. या दोघांच्या मध्ये साखळी, कॅमचा दांडा आणि डिस्ट्रिब्यूटरचे दातेचक्र इतके सारे येते. साखळी सैल झाली, दाते झिजले, अथवा डिस्ट्रिब्यूटर एका दात्याने चुकून बसला, तरी संकेत तोच. अशा वेळी निर्दोष संवेदक बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

जाणता मिस्त्री काय करतो? इंजिन हजार फेऱ्यांच्या वर ठेवून दोघांतील अंतर उपकरणावर वाचतो. ते सुमारे दोन अंशांच्या आत हवे. अंतर स्थिर पण अधिक असेल तर डिस्ट्रिब्यूटरच्या बैठकीकडे पाहावे. ते गतीबरोबर डळमळत असेल तर साखळीची वा दात्यांची झीज शोधावी. जुन्या सवयीने डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगीची वेळ मात्र बदलत नाही, कारण ती आता संगणक क्रँकवरून ठरवितो. उलट तो भलताच फिरविला तर ठिणगी चुकीच्या सिलिंडराकडे उडी घेते.

भारतातही २०१० नंतर ही स्वयंतपासणी टप्प्याटप्प्याने आली, आणि आज जिल्ह्याच्या गावातील गॅरेजातही असे उपकरण दिसते. ते अवश्य असावे. परंतु संकेत ही साक्ष आहे, निकाल नव्हे. दोन साक्षीदारांचे जमत नाही एवढे यंत्र प्रामाणिकपणे सांगते. त्यांतला खोटा कोण, हे ठरविण्यासाठी अजूनही माणसाने इंजिन उघडून पाहावे लागते. ज्या गॅरेजात ही तसदी घेतली जाते, तेथेच गाडीवाल्याचा पैसा वाचतो.