नेमलं त्यांनीच, निकाल त्यांच्याच विरोधात

"आपला माणूस खुर्चीवर बसवला की काम झालं," हे वाक्य मी पत्रकारितेत शेकडो वेळा ऐकलंय. दर वेळी मला १९७४ सालची अमेरिका आठवते.

वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या संभाषणांच्या टेप विशेष सरकारी वकिलाने मागितल्या. निक्सन म्हणाले, देणार नाही, तो माझा विशेषाधिकार आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलै १९७४ रोजी निकाल लागला: टेप द्या. ८ विरुद्ध ०! त्या आठांतले तिघे खुद्द निक्सन यांनी नेमलेले. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर हेही त्यांच्यातलेच. न्यायालयाकडे ना फौज, ना तिजोरी. तरी टेप द्याव्या लागल्या आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

हे घडलं कसं? १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्यांनी कुणाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नव्हती. कायदे काँग्रेसने करायचे, राबवायचे राष्ट्राध्यक्षाने, न्यायनिवाडा न्यायालयाचा. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षाने सुचवायचा, पण सिनेटची संमती हवी. एकदा नेमला की राष्ट्राध्यक्षाला त्याला काढता येत नाही, त्याचा पगारही कापता येत नाही. मग उपकार फेडायची सक्ती कुठली?

अर्थात, घटना मोकळीक देते, हिंमत देत नाही. ती त्या आठ जणांना स्वतःच दाखवावी लागली.

म्हणून खुर्चीवर कुणी बसवलं एवढंच विचारू नका. उठवणं कुणाच्या हातात आहे, तेही विचारा.