बंद पडलेलं स्टेशन

२०२५ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी डेअरीत दूध घालून आलो आणि ओट्यावर पेपर उघडला. आतल्या पानावर बातमी होती, ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. बातमी लहान होती. सूनबाई चहा घेऊन आली, तिला म्हटलं, "हा माणूस पाकिस्तानच्या तुरुंगाची भिंत फोडून पळाला होता." ती म्हणाली, "आणि मग?" त्या "आणि मग"चं उत्तर लांब आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव नगर तालुक्याच्या कडेला, के. के. रेंजपासून जवळ. रणगाड्यांच्या तोफांचा आवाज आम्हाला लहानपणापासून सवयीचा. गडगडलं की म्हातारी माणसं आभाळाकडं न बघताच सांगायची, "पाऊस न्हाई बाबा, रेंज चालू झालीय." पण विमान म्हणजे अप्रूप. १९७१ च्या डिसेंबरात लढाई लागली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. गुरुजींच्या घरी रेडिओ होता. संध्याकाळी सगळा गाव तिथं जमायचा. इतकी विमानं पाडली, इतके रणगाडे मोडले, असं ऐकलं की आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. पडलेल्या विमानात माणूस असतो, ही गोष्ट तेव्हा डोक्यात आलीच नाही.

परुळकर अशाच पडलेल्या विमानातले.

ते १९६३ साली हवाईदलात अधिकारी झाले. १९६५ च्या लढाईत ते हंटर विमान चालवत होते. जमिनीवरनं आलेल्या माऱ्यानं विमान फोडलं आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. बरोबरच्या म्होरक्यानं सांगितलं, विमान सोड आणि पॅराशूटनं उडी मार. यांनी तसं केलं नाही. दुखऱ्या खांद्यानं ते मोडकं विमान तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं.

१९७१ ला ते सुखोई-७ चालवत होते. हे रशियन बनावटीचं, एका इंजिनाचं, एकट्या माणसानं चालवायचं विमान. त्याचं मुख्य काम शत्रूचे रणगाडे, तोफा, गाड्या यांच्यावर खाली येऊन मारा करायचं. उंचावर विमानाशी विमान झुंजतं ते सिनेमात जास्त दिसतं. खाली येणाऱ्या वैमानिकाला खरी भीती जमिनीवरच्या तोफांची. ज्वारीच्या ताटावर उतरणाऱ्या पाखराला गोफणीचा धोंडा बसावा, तसं ते काम. १० डिसेंबर १९७१ ला जफरवालच्या बाजूला त्यांचं विमान तोफेनं टिपलं. खुर्चीसकट बाहेर फेकले गेले, पॅराशूटनं खाली आले आणि पकडले गेले.

इथं बहुतेकांची गोष्ट संपते. परुळकरांची इथून सुरू झाली.

रावळपिंडीच्या छावणीत भारताचे बारा वैमानिक कैदी होते. त्यांत विद्याधर चाटी, कामत अशी आपल्याकडची नावंही होती. परुळकरांनी लढाईच्या आधीच आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवलं होतं, की मी कधी सापडलो तर पळून येईन. बोलायला कुणीही बोलतं. या गड्यानं ते मनावर घेतलं.

२ जुलै १९७२ ला सिमल्याला करार झाला, पण कैद्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. आपल्याकडं त्यांचे त्र्याण्णव हजार कैदी आणि त्यांच्याकडं आपले थोडे. कधी सुटका होईल याचा पत्ता नाही. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी पाच नंबरच्या कोठडीची भिंत पोखरायला घेतली. हातात काय, तर पेचकस आणि असलंच किडूकमिडूक. पहार नाही, छन्नी नाही, आणि आवाज तर अजिबात करायचा नाही. रात्री विटांच्या सांध्यातला माल खरवडायचा, वीट सुटी करायची, सकाळ व्हायच्या आत सगळं जागच्या जागी लावायचं. निघालेला चुरा खाटेखालच्या खोक्यांत भरायचा. बाहेरच्या बाजूचा गिलावा तेवढा तसाच ठेवायचा, तो शेवटच्या रात्री फोडण्यासाठी. कैदी अधिकाऱ्याला कराराप्रमाणं थोडा भत्ता मिळतो, त्यातून पैसे साठवले. पठाणी कपड्यांची सोय केली. सुईला चुंबक लावून होकायंत्र बनवलं. बाकीच्या सोबत्यांना पळायचं नव्हतं, काहींना दुखापतींमुळं पळता येणारच नव्हतं. पण पहारेकऱ्यांवर नजर ठेवायला, त्यांना बोलण्यात गुंतवायला सगळ्यांचा हातभार होता.

हे वाचलं तेव्हा मला आमचं बहात्तर आठवलं. त्याच जुलै-ऑगस्टात आमच्याकडं आभाळ कोरडं ठाक होतं. आई-वडील पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायचे. मी शाळा सुटली की खडीच्या ढिगावर. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. वडील रात्री घरी येऊन पुन्हा विहिरीत उतरायचे. कातळ लागलेला. सुरुंगाला पैसे नाहीत. कंदिलाच्या उजेडात छन्नी-हातोड्यानं रोज वीतभर खोली. एकदा मी विचारलं, "दादा, पाणी लागंल का?" ते म्हणाले, "लागंल न लागंल. पर हात थांबला की मान्साचं मन आधी मरतं." परुळकर तिकडं रावळपिंडीत भिंत खरवडत होते आणि माझा बाप इकडं कातळ. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. शौर्य म्हटलं की आपल्याला विमानाचा सूर आणि बाँबचा धुरळा दिसतो. मला मात्र परुळकरांचं खरं शौर्य त्या पेचकसात दिसतं.

१२ आणि १३ ऑगस्टच्या मधली रात्र. धुळीचं वादळ सुटलं होतं. १४ ऑगस्ट हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, म्हणजे सणाचे दिवस. तिघांनी शेवटचा गिलावा फोडला आणि भोकातून बाहेर पडले. वादळामुळं चौकीदार तोंडावर पांघरूण घेऊन बसलेला. भिंत ओलांडली, रस्त्यावरच्या माणसांत मिसळले, पेशावरची बस पकडली. पेशावरहून टांगा करून जमरूदच्या रस्त्याला लागले. तिथून बसच्या टपावर बसून खैबरखिंडीतून लंडी कोतलला पोचले. सकाळचे साडेनऊच्या आसपास वाजले असतील. अफगाणिस्तानची हद्द तिथून अवघी चार मैल. आपल्याकडं वस्तीवरनं गावात दळण आणायला जातो तेवढी वाट.

आणि तिथं घात झाला. त्यांच्या नकाशात पुढचं स्टेशन होतं लंडी खाना. त्यांनी बाजारात विचारलं, लंडी खान्याला कसं जायचं? आता गंमत अशी, की लंडी खाना हे रेल्वे स्टेशन १९३२ सालीच बंद पडलं होतं. चाळीस वर्षांत तिथं कुणी जात नव्हतं. परक्या चेहऱ्याची तीन माणसं बंद पडलेल्या स्टेशनाचा रस्ता विचारतात म्हटल्यावर तहसीलदाराच्या कारकुनाला संशय आला. त्यातून बांगलादेश झाल्यावर तिकडं अडकलेले बंगाली त्याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत होते. त्यामुळं लोक डोळ्यांत तेल घालून होते. तिघं धरले गेले.

मला यात हसू येत नाही. एकदा बांधाच्या भांडणात मीही जुना गावनकाशा घेऊन दिवसभर ओढा शोधत फिरलो होतो. कागदावर ओढा होता. रानात तो माझ्या जन्माआधीच बुजला होता. शेवटी एका मेंढपाळानं सांगितलं, "बाबा, कागुद बगू नको, मला इचार." कागद खोटा नसतो, फक्त जुना असतो. आणि तेवढ्यानं माणूस फसतो.

तिघांनी खोटी नावं सांगितली, आम्ही पाकिस्तानी हवाईदलाचेच आहोत म्हणाले. पण तो टोळ्यांचा मुलूख. तिथं बनाव उघडा पडला तर काय होईल याचा नेम नाही. परुळकरांनी डोकं चालवलं. हवाईदल प्रमुखांचे एडीसी स्क्वाड्रन लीडर उस्मान यांना फोन लावा म्हणाले. हे उस्मान आधी रावळपिंडीच्या त्याच छावणीचे प्रमुख होते. ७१ च्या नाताळात या कैद्यांसाठी केक घेऊन आलेले तेच. फोनवर परुळकरांचा आवाज ऐकून त्यांनी ओळखलं. आपले कैदी पळालेत हे त्यांच्या क्षणात लक्षात आलं असणार. पण त्यांनी पलीकडच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, ही माणसं आपली आहेत, त्यांना नीट ठेवा, हात लावू नका. त्या एका शब्दावर तीन जीव वाचले. पुन्हा कैद झाली, एकांतवासाची शिक्षा झाली, पुढं लायलपूरच्या तुरुंगात नेलं. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्याच्या वाटेनं सगळे मायदेशी परतले.

आता माझी एक गोष्ट सांगतो, जी आजवर कुणाला सांगितली नाही.

माझे थोरले मामा फौजेत होते. लढाईनंतर त्यांची नेमणूक मध्य प्रदेशातल्या एका छावणीवर झाली होती, त्या त्र्याण्णव हजारांतल्या काही कैद्यांवर पहारा द्यायला. ७२ च्या दिवाळीत ते रजेवर आले. दुष्काळातली दिवाळी, घरात तेल नाही. पारावर लोक जमले. मामांना म्हणाले, "सांगा की, कसं बडवता त्यास्नी?" मामा म्हणाले, "बडवायचं कशाला? त्यांचीबी लेकरंबाळं हायेत. एक पोरगा रोज इचारायचा, घरचं पत्र आलं का? आलं त्या दिवशी म्या त्याला माझी बिडी दिली."

पार हसला. कुणीतरी म्हणालं, "फौजदार पाकिस्तानला फितूर झाला." सगळ्यांबरोबर मीही हसलो. मोठ्यानं हसलो. मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि उठून गेले. पुढं पस्तीस वर्षं जगले, पण लढाईचा विषय त्यांनी परत तोंडातून काढला नाही. आम्ही भाचरांनी कितीदा विचारलं, तर म्हणायचे, "काय न्हाई रं. पहारा दिला, पगार घेतला."

उस्मानची हकिकत मी वाचली तेव्हा मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या रात्री झोप लागली नाही. मामांची बिडी आणि उस्मानचा केक ही एकाच मापाची गोष्ट. तिकडं कुणीतरी उस्मानलाही हसलं असेल. पण असा माणूस दोन्हीकडं असतो, म्हणून आपली पोरं घरी येतात.

सगळी येत नाहीत. विजय तांबे नावाचे आपले दुसरे वैमानिक, त्याच सुखोई विमानाचे. ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटच्या बाजूला त्यांचं विमान पाडलं गेलं. पकडलेल्यांत त्यांचं नाव तिकडच्या पेपरात छापून आलं, पण वाघ्याच्या वाटेनं आलेल्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी पुढची सगळी वर्षं शोध घेण्यात आणि दारं ठोठावण्यात घालवली. असे हरवलेले चौपन्न जण सरकारच्या यादीत आहेत. परुळकरांना उस्मान भेटला. बाकीच्यांना कोण भेटलं, हे कुणी सांगत नाही.

सूनबाईच्या "आणि मग?" ला मी एवढंच म्हणालो, "मग सापडला. पण मेला नाही, माघारी आला." ती म्हणाली, "म्हणजे पळणं वायाच गेलं की." मी तिला विहिरीकडं नेलं. वडिलांनी ७२ साली छन्नीनं खोदलेला तो कातळाचा टप्पा अजून दिसतो. त्या साली तिथं पाणी लागलं नाही. पुढं तीन वर्षांनी, तिथूनच दोन हात खाली लागलं.