मोठा आवाज आणि नेमका आवाज : गाडीतल्या संगीताचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गाडीतल्या स्पीकर आणि अॅम्प्लिफायरबद्दल काय सांगणार? शंका रास्त आहे. पण आवाज म्हणजे काय आणि तो कानापर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी फार पूर्वीच हाती घेतला होता. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात शब्दाचे, म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजाचे, दोन प्रकार सांगितले आहेत. एक ध्वन्यात्मक, म्हणजे नगाऱ्याचा वगैरे. दुसरा वर्णात्मक, म्हणजे ज्यातून अक्षर कळतं, भाषा कळते. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पेणहून वडखळ, नागोठणे करत रोह्याला जाणाऱ्या गाडीत गेल्या काही दशकांत जे जे वाजलं, त्याचा इतिहास या दोन शब्दांच्या आधाराने बराच उलगडतो.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. आवाज मोठा करणं आणि आवाज नेमका करणं ही दोन वेगळी कामं आहेत. तंत्रज्ञांना हे फार लवकर कळलं. आपण, म्हणजे ऐकणारे, अजून दोन्हींची गल्लत करतो.

१९२७ साल घ्या. २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्यानंतर दहाच दिवसांनी, २ ऑगस्टला, न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा एक तरुण इंजिनिअर हडसन नदी ओलांडून कामावर निघाला होता. आपल्याकडे रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते ना, तसाच तो रोजचा बोटीचा प्रवास. दूरच्या टेलिफोनसाठी अॅम्प्लिफायर लागायचे. पण प्रत्येक अॅम्प्लिफायर आवाज वाढवताना थोडा बिघडवायचाही, आणि एकापुढे एक असे अनेक जोडले की बोलणं ओळखू येईना. ब्लॅकला बोटीवर कल्पना सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच लिहून काढली. अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडलेला थोडा आवाज उलटा करून परत आत सोडायचा. त्यामुळे वाढ कमी होते, पण त्याबरोबर बिघाडही कमी होतो. ताकदीचा बराचसा भाग सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात शुद्धता घ्यायची. वाढवण्यासाठी बनवलेल्या यंत्राची वाढ आपणच कमी करायची, हे पेटंट कार्यालयाला पटेना. अर्ज १९२८ चा, पेटंट मिळालं १९३७ मध्ये. आज तुमच्या गाडीतला अॅम्प्लिफायर कोणत्याही कंपनीचा असो, त्याच्या पोटात ब्लॅकची ही कल्पना आहे.

आता गाडीतला रेडिओ. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी तो १९३० मध्ये बाजारात आणला आणि मोटारीवरून त्याला ‘मोटोरोला’ असं नाव दिलं. अडचण होती विजेची. त्या रेडिओतल्या व्हॉल्व्हना शंभराच्या वर व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी होती सहा व्होल्टची. मग ‘व्हायब्रेटर’ नावाचा एक भाग बसवू लागले. तो बॅटरीची वीज सेकंदाला शंभरेक वेळा तोडायचा-जोडायचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून ती वाढवून घेता यायची. त्याची गुणगुण गाण्याच्या मागे ऐकू येई. पुढे ट्रान्झिस्टर आला, बारा व्होल्टवर भागायला लागलं आणि व्हायब्रेटर गेला. तो वेगळ्या रूपात परत आला, ते मी थोड्या वेळाने सांगतो.

आता आपल्याकडे या. कारखान्यातून येणारी साउंड सिस्टिम बदलणं म्हणतो आपण. पण आपल्याकडे क्रम उलटा आहे. बराच काळ कारखान्यातून सिस्टिम यायचीच नाही. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या, किंवा १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० घ्या. बहुतेकांच्या गाडीत टेप बसवला तो बाहेरच्या मेकॅनिकने. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर लॅमिंग्टन रोडवर वस्तू घ्यायची, मागच्या काचेखालच्या फळीला भोकं पाडायची आणि सहा बाय नऊचे दोन लंबगोल स्पीकर बसवायचे. गाणारा आपल्या डोक्याच्या मागे बसून गातोय, याचं कोणाला काही वाटत नसे. अमेरिकेत साधारण त्याच सुमारास जनरल मोटर्सने बोस कंपनीला हाताशी धरून खास त्या त्या गाडीसाठी बेतलेली सिस्टिम कारखान्यातच बसवायला सुरुवात केली होती. आपण तेव्हा फळीला भोकं पाडत होतो. पण त्या भोकांतून आपल्याकडे ऐकणाऱ्यांची एक पिढी तयार झाली, हेही खरं.

याचं मोठं कारण कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ती स्वस्त झाली ऐंशीच्या दशकात. आणि तिचा खरा प्रसार खासगी मोटारींपेक्षा भाड्याच्या गाड्यांतून झाला. रायगडातल्या माणसाला विक्रम आणि मिनीडोर वेगळ्या सांगायला नकोत. एसटी चुकली की आधार त्यांचाच. कोळीगीतं, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं, हिंदी सिनेमाची गाणी, सगळं त्यात वाजायचं. या गाड्यांत आवाज मोठाच का लागायचा, याला शास्त्रीय कारण आहे. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते. ती गाण्यातल्या खालच्या पट्टीला थेट गिळते, आणि जोरात असली तर वरच्या पट्टीवरही पसरते. याला ‘मास्किंग’ म्हणतात. मग चालक बास वाढवतो. बास वाढला की गाण्याचे शब्द बुडतात, म्हणून आवाज वाढवतो. आवाज वाढला की टेपचा छोटा अॅम्प्लिफायर दमतो आणि फाटका आवाज येतो. पुढे महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि दशकाहून जास्त रखडलं. खड्ड्यांची आणि दरवाजांच्या खडखडाटाची त्यात भर पडली.

दमतो म्हणजे काय, हे जरा हिशोबाने बघू, कारण इथेच सर्वांत जास्त फसवणूक चालते. डेकच्या खोक्यावर छापलेलं असतं, ‘चार गुणिले पन्नास वॅट’. गाडी चालू असताना बॅटरीच्या तारेवर असतात सुमारे १४.४ व्होल्ट. स्पीकर चार ओहमचा. यातून गणिताने एका स्पीकरला स्वच्छ असे पंचवीस-सव्वीस वॅट निघतील. प्रत्यक्षात वीसच्या आसपास. छापलेले पन्नास निघतात ते आवाजाच्या लाटेचे शेंडे सपाट कापले गेल्यावर. कापलेल्या लाटेत नको ते वरचे सूर तयार होतात. ते कानाला टोचतात आणि छोटा ट्वीटर जाळतात. यावर उपाय वेगळ्या अॅम्प्लिफायरचा. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जिम फॉसगेटसारख्या लोकांनी तो रूढ केला. हा अॅम्प्लिफायर आधी बारा व्होल्टची वीज झपाट्याने तोडून-जोडून वाढवून घेतो आणि मग कामाला लागतो. म्हणजे आपला जुना व्हायब्रेटरच! फक्त आता सेकंदाला हजारो वेळा चालतो, म्हणून त्याची गुणगुण कानाला लागत नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तेव्हा वीसचे चाळीस करून मोठेपणा फारसा हाती लागत नाही. हाती लागतो तो मोकळा श्वास. ढोलकीची थाप अचानक येते, तेव्हा ती कापली न जाता पूर्ण येते. चांगला अॅम्प्लिफायर आहे त्याच आवाजात ऐकायचा असतो.

आता डीएसपी. पोलीस खात्यातले नव्हेत, डिजिटल सिग्नल प्रोसेसर. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये मोठे टचस्क्रीन आले. एसी, मागचा कॅमेरा, सगळं त्यातच. तो काढून दुसरा डेक बसवणं जवळजवळ अशक्य झालं. शिवाय कारखान्याने त्यात आपली लबाडी भरलेली असते. लबाडी म्हणजे वाईट अर्थाने नाही. स्पीकर हलके आणि स्वस्त असतात. ते फाटू नयेत म्हणून आवाज वाढवला की बास आपोआप कमी केला जातो. प्रोसेसर स्पीकरकडे जाणाऱ्या तारांमधूनच सिग्नल घेतो, कारखान्याने केलेले फेरफार मोजून शक्य तितके सपाट करतो आणि मग आपल्या गाडीला हवे तसे नवे फेरफार करून अॅम्प्लिफायरकडे देतो.

त्यातला सर्वांत सुंदर फेरफार वेळेचा आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दरवाजातला स्पीकर त्याच्यापासून समजा ९० सेंटिमीटरवर आहे आणि डावा १४० सेंटिमीटरवर. कोकणातल्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे डाव्या बाजूचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा वेळेने काय होतं? १९४९ मध्ये हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने आपल्या प्रबंधात याच प्रकारचा अभ्यास केला. एकच आवाज दोन ठिकाणांहून किंचित अंतराने आला, तर आपल्याला तो एकच वाटतो आणि जिथून आधी आला तिथूनच आला असं वाटतं. म्हणून गायिका तुमच्या उजव्या गुडघ्यापाशी गाते. प्रोसेसर उजवा स्पीकर दीड मिलिसेकंद थांबवतो आणि गायिका उठून समोर, काचेच्या मध्यावर येऊन उभी राहते. आवाज तसूभरही वाढलेला नाही, तरी ज्याने पहिल्यांदा हे ऐकलं तो चकित होतो.

पण इथे माझ्या विषयाचा, तत्त्वज्ञानाचा, प्रश्न येतो. कोणासाठी समोर आली? चालकासाठी. शेजारी बसलेल्या बायकोसाठी तीच गायिका आणखी डावीकडे सरकली, कारण तिच्या जवळचा डावा स्पीकर आधीच पुढे होता आणि आता तो आणखी पुढे गेला. मागे बसलेल्या आईला तर काहीच मिळालं नाही. नेमका आवाज नेहमी कुठल्या तरी एका जागेवरून नेमका असतो. सगळ्या जागांवरून एकदम नेमका असा आवाज गाडीत नाही. म्हणून चांगल्या प्रोसेसरमध्ये दोन-तीन मांडण्या साठवता येतात, एक चालकाची, एक सगळ्यांची. एकट्याने जाताना पहिली लावा. घरची मंडळी असतील तर दुसरी. हा तंत्राचा भाग आहे आणि थोडा संस्काराचाही.

आणि गाडीबाहेरचे? पत्रा आणि काच वरची पट्टी अडवतात, खालची पट्टी आरपार जाते. त्यामुळे आत बसलेल्याला गाणं ऐकू येतं आणि रस्त्याकडेच्या घराला नुसती धडधड. आतल्याला वर्णात्मक, बाहेरच्याला ध्वन्यात्मक. तक्रार आली की आतला म्हणतो, ‘किती छान गाणं लावलंय!’ खरं बोलतो तो. पण बाहेरच्याला ते गाणं मिळालेलंच नाही.

याचं टोक आपल्याला मिरवणुकीत दिसतं. टेम्पोवर जनरेटर, आधी बेंजो, मग डीजे. हळदीत, विसर्जनात, सगळीकडे. तिथेही हेच अॅम्प्लिफायर, हेच प्रोसेसर. फक्त तोंड बाहेर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले; २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला. ज्या पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे श्वास रोखून रंगवतात, त्याच पेणच्या रस्त्यावर मूर्तीपुढे काचा थरथरवणारा आवाज लावावा, यात काही विसंगती आहे असं मला वाटतं. प्रोसेसरमध्ये ‘लिमिटर’ नावाची सोय असते. ठरवलेल्या मर्यादेपुढे तो आवाज जाऊ देत नाही. संयमाची सोय यंत्रात आहे. ती वापरायची की नाही, हे ठरवणारा माणूस आहे.

कानाचा हिशोबही सांगतो, कारण त्याची दुरुस्ती कुठल्याच दुकानात होत नाही. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. पेण ते रोहा जेमतेम तासाचा प्रवास, पण रोज जाऊन-येऊन केला तर वर्षं मोजा.

मग खर्च करायचाच असेल तर क्रम कोणता? इतिहासानेच तो शिकवला आहे. आधी खडखडाट थांबवा. दरवाजाच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावा, स्पीकर घट्ट बसवा. मग प्रोसेसर आणि बेताचा अॅम्प्लिफायर. बॅटरीपासून वेगळी जाड तार, आणि बॅटरीला लागूनच फ्यूज. यात काटकसर केली तर आग लागू शकते. सबवूफर सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमके शेवटून सुरुवात करतात.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा जन्मले, रोह्याला १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांचंही साधन वाणी. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. तिथे अॅम्प्लिफायर नव्हता. बोलणं नेमकं असलं की ते किती लांब जातं, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण या भागातल्या माणसाला देता येणार नाही. गाडीत काहीही बसवा, पण बसवून झाल्यावर एक परीक्षा घ्या : आवाज कमी करा आणि बघा, शब्द कळतात का. कळले, तर पैसे सत्कारणी लागले.